नोटांच्या गड्डीचा कमरपट्टा

पेढीवर दररोज हाताळल्या जाणाऱ्या ज्या वस्तूंकडे आपले लक्ष सहसा जात नाही, त्यांत नोटांच्या गड्डीभोवतीच्या कागदी पट्टीचा क्रमांक बराच वरचा लागेल. नोट आपण उजेडात धरून पाहतो, तिचे जलचिन्ह न्याहाळतो, सुरक्षा-धागा तपासतो, मोजणी तर दोनदा करतो. पट्टी मात्र अंगठ्याच्या एका झटक्याने तोडून केराच्या टोपलीत टाकतो. वास्तविक ती पट्टी दोन कामे करीत असते. शंभर सुट्या कागदांना ती एकत्र धरून ठेवते, आणि आत शंभरच कागद आहेत अशी ग्वाहीही देते. यांपैकी पहिले काम आता बव्हंशी यंत्राकडे गेले असून, उष्णता आणि दाब या दोन साधनांनी ते यंत्र फार सुबकपणे पार पाडते. दुसरे काम कोणाकडे राहिले आहे, हा प्रश्न आपणां व्यापाऱ्यांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. या दोन्ही कामांचा परिचय संघाच्या सभासदांस व त्यांच्या कुटुंबीयांस व्हावा, या हेतूने आम्ही स्मरणिकेची ही पाने घेतली आहेत.

शंभराची गड्डी, हजाराचे बंडल

बँकेच्या परिभाषेत शंभर नोटांचे एक पाकीट होते. आपण त्यास गड्डी म्हणतो. अशा दहा गड्ड्या एकत्र बांधल्या की हजार नोटांचे बंडल तयार झाले. दहा रुपयांच्या नोटांची गड्डी एक हजाराची, पाचशेच्या नोटांची पन्नास हजारांची, आणि पाचशेच्या नोटांचे बंडल पाच लाखांचे. एका नोटेचे वजन अदमासे एक ग्रॅम. तेव्हा हे पाच लाख रुपये तागडीत घातले तर किलोच्या आसपासच भरतील. एवढी मोठी रक्कम एवढ्या लहान जागेत सामावते, म्हणूनच ती कशी बांधावी याला महत्त्व आहे.

नव्या कोऱ्या नोटांची गड्डी बांधणे तुलनेने सोपे. शंभर नोटांची जाडी सुमारे एक सेंटिमीटर होते, कडा सरळ असतात व नोटा एकमेकींवर सपाट बसतात. बाजारात फिरून आलेल्या नोटांची गोष्ट निराळी. आपल्या नोटेचा कागद लाकडाच्या लगद्याचा नसून कापसाच्या तंतूंचा असतो. तो चिवट असतो, पण घड्या, घाम, धूळ व दमट हवा यांनी सुरकुततो. प्रत्येक घडीच्या आत थोडी हवा अडकून राहते. अशा शंभर नोटा एकावर एक ठेवल्या की गड्डी फुगते. हाताने दाबली तर बसते, हात काढला की पुन्हा उसळते. सैल दोऱ्याने बांधलेल्या कापसाच्या गाठोड्याची जी अवस्था होते, तीच या गड्डीची होते. म्हणून बांधणीच्या कोणत्याही पद्धतीत आधी दाबून हवा बाहेर काढणे आणि मग दाब सुटण्यापूर्वी पट्टा आवळणे, हा क्रम पाळावाच लागतो.

लाखेपासून पिनेपर्यंत

कागदी नोटा येण्यापूर्वी चांदीचे रुपये थैल्यांतून जात. थैलीचे तोंड सुतळीने बांधावयाचे, गाठीवर वितळलेली लाख ओतावयाची व ती गरम असतानाच पेढीची मोहोर तिच्यावर दाबावयाची, अशी रीत होती. उष्णतेने लाख मऊ होई, दाबाने मोहोरेची अक्षरे तिच्यात उमटत, आणि थंड होताच ती इतकी कठीण व ठिसूळ बने की फोडल्यावाचून गाठ उघडणे अशक्य. आजच्या यंत्रातील सारे तत्त्व या एका क्रियेत आलेले आहे: वितळविणे, दाबणे, निवू देणे, आणि उघडल्याची खूण मागे राहणे. येथे सहज एक गोष्ट आठवते. श्रावकाने वर्ज्य करावयाच्या पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्याची गणना केलेली आहे, कारण लाख हे सूक्ष्म कीटकांपासून मिळते व ती काढताना असंख्य जीवांची हानी होते. लाखेचा व्यापार निषिद्ध मानणाऱ्या समाजातील पेढ्यांनाही थैलीवर लाखेची मोहोर उमटवावी लागे, हा त्या काळाचा नाइलाज म्हणावा लागेल.

हिंदुस्थान सरकारने कागदी चलनाचा कायदा १८६१ साली केला. त्या काळी नोटा टपालाने पाठविताना एक खबरदारी घेत असत. नोट मधोमध कापून तिचा एक अर्धा भाग प्रथम पाठवीत, आणि तो पोहोचल्याची खबर आल्यावर दुसरा अर्धा रवाना करीत. वाटेत चोरी झाली तरी चोराच्या हाती निरुपयोगी तुकडाच लागे. पुढे १९२८ सालापासून नाशिक येथे नोटा छापल्या जाऊ लागल्या, १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँकेची स्थापना झाली, आणि चलनाचा विस्तार वाढत गेला. आज नाशिक व देवास येथील सरकारी मुद्रणालये आणि म्हैसूर व सालबोनी येथील रिझर्व्ह बँकेच्या उपकंपनीची मुद्रणालये मिळून देशाची गरज भागवितात.

नोटा वाढल्या तशी त्या बांधण्याची घाईही वाढली, आणि घाईचा उपाय म्हणून तारेची पिन आली. आपल्यापैकी वयस्क मंडळींना ती गड्डी आठवत असेल: डाव्या बाजूस एक नव्हे तर दोन-तीन जाड पिना ठोकलेल्या, त्या उपसण्यासाठी चिमटा किंवा सुरीचे टोक वापरावे लागे आणि एखादी नोट हमखास फाटे. पिनेचा युक्तिवाद असा की गड्डीतून मधली नोट कोणास गुपचूप काढता येत नाही. पण त्या सुरक्षिततेची किंमत नोट देत असे. बँकेतून बँकेत जाताना दर खेपेस नवी छिद्रे पडत. ती बहुधा जलचिन्हाच्या रिकाम्या भागाजवळच पडत. पावसाळ्यात पिन गंजे व तिचा तांबूस डाग कागदात उतरे. तंतू तुटलेला कागद लवकर फाटतो हे सांगावयास नको. शिवाय नोटा मोजणाऱ्या व पारखणाऱ्या वेगवान यंत्रांत लोखंडाचा लहानसा तुकडा गेला तरी यंत्राचे नुकसान होते.

शेवटी नोव्हेंबर २००१ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकिंग नियमन कायद्याच्या ३५-अ कलमाखाली सर्व बँकांना आदेश दिला की गड्डीस पिन मारणे बंद करावे, गड्डी कागदी पट्टीने बांधावी, चांगल्या व खराब नोटा वेगळ्या कराव्यात आणि जलचिन्हाच्या भागावर काहीही लिहू नये. त्या दिवसापासून कागदी पट्टीस खरी प्रतिष्ठा लाभली.

पट्टी चिकटते कशी?

डिंक लावून हाताने पट्टी चिकटविणे हा पहिला मार्ग, व तो अद्यापही लहान शाखांत चालतो. परंतु डिंक वाळण्यास वेळ लागतो, ओलसर डिंकाने नोटा चिकटतात, आणि हाताने आवळलेली प्रत्येक पट्टी कमीअधिक सैल असते. यंत्राने या तिन्ही अडचणी दूर केल्या.

यंत्रातील पट्टी वरकरणी साधा तपकिरी किंवा पांढरा कागद दिसते. तिच्या आतल्या अंगास मात्र पॉलिथिलीनसारख्या प्लॅस्टिकचा अत्यंत पातळ लेप दिलेला असतो. थंड असताना हा लेप कोरडा असतो. बोटाला वा नोटेला तो मुळीच चिकटत नाही. साधारणतः १०५ ते ११५ अंश सेल्सिअस उष्णतेस तो वितळतो. कागद करपण्यास याहून बरीच अधिक उष्णता लागते. लेप वितळावा पण कागद करपू नये, एवढी मोकळी जागा निसर्गाने या दोन अंकांमध्ये ठेवली आहे, आणि सारे यंत्र त्या जागेत काम करते.

गड्डी यंत्राच्या मेजावर ठेवताच तिच्याभोवती कमानीच्या खोबणीतून पट्टी फिरते. पट्टीचे पुढचे टोक एका चिमट्यात धरले जाते. मग यंत्र मागचा भाग उलटा ओढू लागते; पट्टी खोबणीतून सुटून गड्डीला बिलगते व ठरविलेल्या ताणापर्यंत आवळली जाते. आता दोन टोके एकावर एक आलेली असतात. तापलेली धातूची लहान पट्टिका त्यांवर क्षणभर दाबली जाते, पाते मागची पट्टी कापते, आणि गड्डी मोकळी होते. सांधा करताना पट्टी आणि नोटा यांच्यामध्ये धातूची एक सपाट जीभ सरकविलेली असते. दाब व उष्णता ती आपल्या अंगावर घेते. नोटेपर्यंत आच पोहोचू देत नाही. सांधा झाला की जीभ मागे सरते. हा सारा खटाटोप डोळ्याचे पाते लवावे इतक्या अवधीत नव्हे, तरी दोन-चार सेकंदांत उरकतो.

येथे कोणी विचारील, की लेप वितळला तर तो आपोआपच चिकटावयास हवा. मग दाब कशाला? त्याचे कारण असे. कागदाचा पृष्ठभाग डोळ्यास गुळगुळीत दिसला तरी सूक्ष्मदर्शकाखाली तो तंतूंचे जाळे असतो. वितळलेले प्लॅस्टिक पाण्यासारखे पातळ नसते. काकवीसारखे दाट असते. नुसते टेकविले तर ते तंतूंच्या माथ्यावर बसून राहील. दाबाने ते तंतूंच्या फटींत शिरते, त्यांना वेढते, आणि निवताच तेथेच घट्ट होते. उष्णतेने दार उघडते व दाबाने आत जाता येते, असे म्हणावयास हरकत नाही. तिसरी आवश्यक गोष्ट म्हणजे निवण्यास मिळणारा अल्पसा अवकाश. सांधा गरम असतानाच फुगलेल्या गड्डीचा ताण त्यावर आला तर टोके सरकतात व पट्टी सैल पडते.

चांगल्या सांध्याची परीक्षा सोपी आहे. तो नखाने सोलून पाहावा. सांधा सुटून येण्याऐवजी कागदाचेच तंतू उपटून आले, तर जोड पक्का समजावा. याच गुणामुळे एकदा उघडलेली पट्टी माग न ठेवता पुन्हा लावता येत नाही. लाखेच्या मोहोरेचे काम अशा रीतीने एका पातळ लेपाने उचलले आहे.

अलीकडच्या काही यंत्रांत तापलेली पट्टिकाही नसते. तेथे सेकंदाला वीस हजारांहून अधिक वेळा कंप पावणारा धातूचा ठोकळा पट्टीच्या टोकांवर दाबतात. हा कंप मनुष्याच्या कानास ऐकू येत नाही. त्याने दोन टोकांमध्ये घर्षण होऊन फक्त सांध्यापुरती उष्णता निर्माण होते. यंत्र तापेपर्यंत थांबावे लागत नाही, आणि करपल्याचा वासही येत नाही.

बंडलाचे बांधकाम

दहा गड्ड्यांच्या बंडलास कागदी पट्टीचे बळ पुरत नाही. तेथे प्रथम वरून सपाट पाट उतरतो व दहाही गड्ड्या दाबून त्यांतील हवा काढतो. दाब कायम असतानाच पॉलिप्रॉपिलीनची अरुंद पण मजबूत पट्टी भोवती फिरते. तिच्या दोन टोकांमध्ये तापलेले पाते शिरते, दोन्ही अंगे वितळवून चटकन बाहेर पडते, आणि लगेच खालून एक ठोकळा दोन्ही टोके एकमेकांवर दाबून धरतो. या प्लॅस्टिकला वितळण्यास १६० अंशांच्या पुढे उष्णता लागते. दोन्ही बाजूंस एकच द्रव्य असल्याने त्याचे लांबच लांब रेणू परस्परांत मिसळतात, आणि निवल्यावर दोन टोकांची एक अखंड पट्टी बनते.

मुद्रणालयातून येणाऱ्या कोऱ्या बंडलांवर पारदर्शक वेष्टन असते, ते याच कुळातील होय. ते प्लॅस्टिक तयार करतानाच ताणून थंड केलेले असते. पुन्हा उष्ण हवा लागताच ते आपल्या मूळ आकाराकडे आक्रसते व बंडलास अंगाबरोबर बसते. दमट हवेपासून कोऱ्या नोटांचे रक्षण होते, आणि वेष्टन फाडल्यावाचून आत हात घालता येत नाही.

बिघाड कोठे होतो?

पट्टिका पुरेशी तापली नसेल तर सांधा वरवर बसतो व तिजोरीत रात्रीतून सुटतो. अति तापली तर कागद तपकिरी होऊन ठिसूळ बनतो व लेप पट्टिकेलाच चिकटून राहतो. पट्टी सैल बसली तर मधल्या नोटा घसरतात. अति आवळली तर नोटांच्या कडा वळतात आणि जेथे पट्टी बसते तेथे कायमची खाच पडते. आपल्या बेळगाव भागात पावसाळ्यात आणखी एक अडचण संभवते. कागद हवेतील ओल शोषून घेतो, आणि पट्टिकेची उष्णता आधी ती ओल उडविण्यात खर्ची पडते. लेपापर्यंत कमी पोहोचते. म्हणून पट्टीची रिळे कोरड्या जागी ठेवावीत, एवढी साधी काळजी पुरेशी होते.

परदेशी नोटांची एक निराळीच नाजूकता आहे. ऑस्ट्रेलियाने १९८८ साली प्लॅस्टिकची पहिली नोट काढली व १९९६ पर्यंत आपले सर्व नोटचलन प्लॅस्टिकचे केले. या नोटा ज्या पॉलिप्रॉपिलीनच्या असतात, तेच द्रव्य बंडलाच्या पट्टीतही असते! कापसाची नोट जी आच सहज सोसते, तिने ही नोट आक्रसून जाईल. तेव्हा तेथे उष्णतेवर अधिक कडक नियंत्रण ठेवावे लागते. याच जातीच्या नोटेने आपल्या धर्मबांधवांच्या मनात एक वेगळा प्रश्नही उभा केला होता. बँक ऑफ इंग्लंडने २०१६ साली काढलेल्या पाच पौंडांच्या नोटेत प्राणिज चरबीचा अत्यल्प अंश असल्याचे उघड झाले, तेव्हा शाकाहारी जन, हिंदू, शीख व जैन यांनी आक्षेप नोंदविले. सर्वांची मते मागवून त्या बँकेने २०१७ मध्ये मूळ द्रव्यच चालू ठेवण्याचे ठरविले. आपल्या देशातील नोट कापसाचीच असल्याने तो प्रश्न येथे उद्भवला नाही.

नोटेचा शेवटचा दाब

जीर्ण नोटा पूर्वी जाळीत असत. आता रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयांत तासाला पन्नास ते साठ हजार नोटा तपासणारी यंत्रे आहेत. ती खरी-खोटी, धड-जीर्ण अशी निवड करतात आणि टाकाऊ नोटेचे जागच्या जागी बारीक तुकडे करतात. ते तुकडे दाबून त्यांच्या कांड्या बनवितात. दाबाने सुरू झालेले नोटेचे आयुष्य दाबानेच संपते. नोट किती दिवस जगावी, हे मात्र बऱ्याच अंशी आपल्या हातांवर अवलंबून असते.

पट्टी साक्ष कशाची देते?

आता आम्ही आरंभी विचारलेल्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. यंत्र पट्टी आवळते, पण आवळताना ते मोजत नाही. त्याच्या पुढ्यात नव्व्याण्णव नोटा ठेवल्या तर नव्व्याण्णवांना, एकशेएक ठेवल्या तर एकशेएकांना ते तितक्याच निष्ठेने कमरपट्टा बांधील. मोजणी निराळ्या यंत्राने होते, आणि त्या दोहोंच्या मध्ये एक मनुष्य बसलेला असतो. पट्टीवर बँकेचा शिक्का, तारीख व त्या मनुष्याची आद्याक्षरे असतात, ती एवढ्यासाठीच. २००६ सालापासून लहान किमतीच्या कोऱ्या नोटांत सदोष छपाईच्या नोटेऐवजी तारांकित क्रमांकाची नोट घालण्याची पद्धत सुरू झाली, तेव्हा गड्डीत अशी नोट असल्याची सूचनाही पट्टीवरच देण्याचे ठरले. सारांश, पट्टी हा गड्डीचा दाखला होय.

समजा, सणासुदीच्या गर्दीत पेढीवर गड्डी फोडली, पट्टी टोपलीत गेली, आणि मोजता एक नोट कमी भरली. आता वाद कोणाशी घालावयाचा? गड्डी कोणत्या दिवशी, कोणाच्या हातून बांधली गेली हे सांगणारा एकमेव साक्षीदार आपणच फेकून दिलेला असतो. मग संशय दुकानातील मुलावर जातो, दिवाणजींवर जातो, कधी घरच्या माणसावरही जातो. पाचशेच्या एका नोटेपायी वर्षानुवर्षांचा विश्वास डागाळतो, आणि तो डाग पुसण्याचे यंत्र अद्याप निघालेले नाही.

उलट प्रसंगही घडतो. गड्डीत एकशेएक नोटा निघतात. कमी निघाली असता बँकेकडे धाव घेणारे आम्ही, जास्त निघाली असता तितक्याच तत्परतेने जातो काय? ती अधिक नोट कोणाची तरी उणीव असते. संध्याकाळी रोखीचा मेळ लागत नाही तेव्हा ती तूट बहुधा रोखपालाच्याच पदरी येते. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत हीनाधिकमानोन्मान आहे व प्रतिरूपकव्यवहारही आहे. पहिल्याचा अर्थ मापात कमीअधिक करणे, आणि दुसऱ्याचा अर्थ खऱ्यात त्याच्यासारखे दिसणारे खोटे मिसळणे. गड्डीत न मोजता भर घालणे व ओळखूनही बनावट नोट पुढे सरकविणे, ही दोन्ही याच सदरांत मोडतात. आचार्यांपुढे नोटही नव्हती व यंत्रही नव्हते. व्यापाऱ्याचे मन मात्र त्यांनी नीट पाहिले होते.

पेढीवर पाळावयाचे नियम

सभासदांनी पुढील गोष्टी अंगवळणी पाडाव्यात अशी आमची विनंती आहे. गड्डी बँकेच्या खिडकीसमोरच मोजून घ्यावी, आणि मोजणी पुरी होईपर्यंत तुटलेली पट्टी जपून ठेवावी. स्वतः गड्डी बांधताना पिन कदापि मारू नये. रबरही शक्यतो टाळावे, कारण ते कडांना चावते व उन्हाळ्यात चिकट होते. साध्या कागदाची दोन बोटे रुंद पट्टी व डिंकाचा एक ठिपका एवढ्याने लहान पेढीचे काम भागते. जेथे रोकड मोठी तेथे लहानसे पट्टी-यंत्र घ्यावे. हिशेबाचा आकडा नोटेवर न लिहिता पट्टीवर लिहावा, आणि त्याखाली मोजणाऱ्याने तारखेसह सही करावी. मग तो मोजणारा मालकाचा मुलगा असो वा काल लागलेला नोकर असो.

२०१७ सालापासून एका व्यवहारात दोन लाख रुपये वा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास कायद्याने बंदी आहे, आणि भ्रमणध्वनीवरून पैसे देण्याची रीत घरोघरी पोहोचली आहे. त्यामुळे पूर्वीसारखी बंडलांची थप्पी आता पेढीवर दिसत नाही. तरीही आठवड्याच्या बाजारात शेतकऱ्याच्या हाती पडणारी, हमालाच्या मजुरीत जाणारी, देवदर्शनास निघालेल्या आजीच्या बटव्यात राहणारी नोट आपल्याच गल्ल्यातून बाहेर पडते. ती न फाटता, न डागाळता व मोजणीत अचूक पुढे जावी, इतके आपण सहज करू शकतो. पुढच्या खेपेस गड्डी हाती येईल तेव्हा पट्टी तोडण्यापूर्वी तिच्यावरील आद्याक्षरे एकवार वाचावीत, आणि आपण बांधलेल्या गड्डीवर आपलीही घालावीत.